काजळच्या जटा: अकरावा महिना

मागच्या नोंदीच्या वेळी काजळच्या, म्हणजे माझ्या पुली जातीच्या कुत्रीच्या, फक्त कानामागे गुंता धरला होता. आता मान, पाठ, मांड्या, सगळीकडे केस धरू लागलेत. पुलीच्या जटा कुणी वळत नाही. आतली मऊ लव बाहेरच्या राठ केसांत अडकते आणि जट आपोआप तयार होते. आपलं काम एवढंच, की गुंत्याची सलग चटई होऊ द्यायची नाही. ब्रश कायमचा बंद. बोटांनी गुंता पकडायचा आणि पार कातडीपर्यंत उभा फाडत जायचा. सुरुवातीला मी बटा फार बारीक करत होते, त्या तुटायच्या. आता करंगळीएवढ्या ठेवते.

उंची 38 सेंमी भरली. जातीच्या प्रमाणकात, म्हणजे पुली कशी असावी याच्या अधिकृत वर्णनात, मादीसाठी 36 ते 42 आहे, म्हणजे छान बसते. काळ्या रंगावर उन्हाने थोडी तांबूस झाक आली आहे, तीही चालते. पाठीवर वळलेली शेपटी केसांत इतकी मिसळली आहे, की लांबून तोंड कुठलं आणि मागची बाजू कुठली हे ती चालायला लागल्यावरच कळतं.

जटा धरल्यानंतरची पहिली आंघोळ मात्र फसली. साबण चोळायचा नाही, फेस दाबून मुरवायचा, हे पाळलं. पण वाळवण्यात घाई केली. वरून कोरडी वाटली तरी मुळाशी ओल राहिली आणि दुसऱ्या दिवशी कुबट वास आला. पुढच्या वेळी सकाळीच सुरुवात करून अख्खा दिवस मोकळा ठेवणार. टॉवेलने पिळून, मग ड्रायर, तोही एकेक थर उचलून. भिजल्यावर तिची खरी बांधणी दिसली, ती बघून जीव हरखला: चौकोनी, काटक, कुठे चरबी नाही.

आता या महिन्यात खरं शिकले ते. जटा फाडायला बसवलं की ती दर दोन मिनिटांनी उठायची. मला वाटायचं दुखतंय. खाऊ दिला, दामटून पाहिलं, उपयोग शून्य. मग एकदा सहज तिचं तोंड दाराकडे केलं आणि ती 40 मिनिटं हलली नाही! हंगेरीच्या माळरानांवर पुली दिवसभर कळप वळवायचे. नजर सतत फिरती, कोण आलं, कोण मागे राहिलं याची नोंद चालू. फिरायला गेल्यावर आमच्यातलं कुणी रेंगाळलं तर ही मागे जाऊन त्याला घेऊन येते. अनोळखी माणसाला भुंकून थोपवते, चावायला जात नाही. अशा कुत्रीला दाराकडे पाठ करून बसवणं म्हणजे तिचं कामच हातातून काढून घेणं.

पोट आणि काखा अजून राहिल्यात. तिथे हात पोचायला तिला उताणं निजवावं लागतं, आणि उताणं निजलं की दार दिसत नाही.