भंडारदरा ते पाचनई: दोनशे सीसीची गाडी, तीन दिवस आणि एकच जादा ट्यूब

शेंडीहून रतनवाडीकडे निघालो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. भंडारदरा धरणाच्या पाण्यावर धुकं होतं आणि खाचरांत भात कापणीला आलेलं. दिवाळीचे दिवस, ऑक्टोबरचा शेवट. अकोले तालुक्यात दुचाकीवरून हिंडायला माझ्या मते वर्षातले हेच तीन-चार आठवडे सर्वांत चांगले. पाऊस थांबलेला असतो, ओढ्यांना पाणी असतं आणि उतारांवर उरलीसुरली खुरासणी पिवळी दिसते. मे-जूनमध्ये काजव्यांसाठी इथे गर्दी लोटते. त्या दिवसांत रात्री गाडी घेऊन आत शिरू नका, एवढी कळकळीची विनंती. ज्या झाडांवर काजवे लुकलुकतात, त्यांच्यावर दिव्यांचे झोत पडले की काजव्यांचे आपसातले इशारे पुसले जातात.

माझी गाडी हिरोची एक्सपल्स २००. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, दोन्ही तारांची, आत ट्यूब. वजन दीडशे किलोच्या थोडं वर. पडली तर एकट्याने उभी करता येते, आणि एकट्याने जायचं असेल तर गाडी निवडताना मला हाच निकष महत्त्वाचा वाटतो. इंजिनाची ताकद या रस्त्यांवर फारशी लागत नाही, कारण दिवसाचा बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो.

पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर, शेंडी असा आलो. साधारण १७० किलोमीटर. संगमनेर-अकोलेमार्गे रस्ता सरळ आहे, पण ब्राह्मणवाड्याची वाट घेतली की महामार्ग लवकर सुटतो आणि गाडीही अंगवळणी पडते. पेट्रोल राजूरला पूर्ण भरून घ्या. पुढे पंप मिळेल या भरवशावर राहू नका. रोख पैसेही तिथेच काढा.

धरणाला वळसा घालणारा रस्ता ४० ते ४५ किलोमीटरचा आहे. शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि मग उडदावणे, पांजरे, मुरशेत करत परत शेंडी. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर पावती फाडावी लागते, ती जपून ठेवा. मी घड्याळाच्या उलट दिशेने न जाता आधी रतनवाडीकडे गेलो, कारण सकाळचं ऊन अमृतेश्वराच्या देवळावर हवं होतं. काळ्या दगडाचं ते कोरीव देऊळ आणि मागे रतनगड. प्रवरा नदी याच डोंगरात उगम पावते. पुष्करणीच्या पायरीवर अर्धा तास नुसता बसलो. गावातल्या एका घरी नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळाला. आधी सांगितलं तर रतनवाडीत जेवणाची सोय होते. न सांगता बारा वाजता दारात उभं राहून लगेच ताट मागू नका, कापणीच्या दिवसांत घरातली माणसं शेतावर असतात.

रतनवाडी ते साम्रद हा टप्पा मला सगळ्यांत आवडला आणि तिथेच माझी चूक झाली. पावसाने डांबर उखडलेलं, खाली टोकदार खडी, मधे लाल माती आणि जीपच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. अशा ठिकाणी दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून जायचा मोह होतो. तो भुसभुशीत असेल तर पुढचं चाक घसरून चाकोरीत पडतं. त्यापेक्षा सरळ चाकोरीत उतरा, फूटरेस्टवर उभे राहा, गुडघ्यांनी टाकी धरा आणि नजर चाकासमोर न ठेवता वीस पावलं पुढे ठेवा. हँडल घट्ट आवळू नका, गाडीला थोडं हलू द्या.

सकाळी दोन्ही चाकांतली हवा मी पाच पीएसआयने कमी केली होती. खडीवर पकड वाढते, हादरे कमी बसतात, सगळं खरं. पण मागच्या कॅरिअरवर तंबूसकट बारा किलो सामान होतं. एका चढावर काठाला धार असलेल्या दगडावर मागचं चाक आपटलं आणि शंभर मीटरच्या आत गाडी डुलायला लागली. दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली होती. बाहेर काढली तेव्हा तिला शेजारीशेजारी दोन चिरा दिसल्या. ट्यूबच्या चाकात हवा कमी करायची असेल तर पुढच्याच चाकातली करा. मागे सामान बांधलेलं असेल तर मागच्याला हात लावू नका.

मोबाइलला रेंज नव्हती. जवळच्या खाचरात एक आजोबा आणि त्यांची सून भात कापत होते. आजोबा विळा कमरेला खोचून वर आले, म्हणाले, ‘‘एकलाच आला का रं बाबा?’’ मी हो म्हटल्यावर काही न बोलता त्यांनी एक मोठा चपटा दगड आणून इंजिनाखाली सरकवला. सेंटर स्टँड नसलेल्या गाडीचं मागचं चाक उचलायला त्याहून चांगली सोय नाही. टायर रिमवरून उतरवायला मला चाळीस मिनिटं लागली. मदत फक्त साबणाच्या पाण्याची आणि त्यांच्या पायाच्या टाचेची. जादा ट्यूब मी २१ इंची नेतो. अडचणीत ती मागच्या १८ इंची चाकातही बसते, म्हणून दोन ट्यूबांचं ओझं वाचतं. पंक्चर काढायचा सराव मात्र घरी, अंगणात, किमान दोनदा करा. ॲक्सलच्या नटाला बसणारा पाना पिशवीत आहे ना हेही तिथेच कळतं. टायर काढायचे दोन पाने, हातपंप, सोल्युशन-ठिगळं, जादा क्लच केबल आणि भेगा बुजवायचं एम-सील एवढं माझ्याकडे कायम असतं.

पुढे साम्रदला सांदण दरीच्या तोंडापर्यंत चालत जाऊन आलो. पावसाळ्यात दरीत उतरणं जिवावर बेतू शकतं, पाणी कुठून कधी येईल सांगता येत नाही. घाटघरच्या कड्यावर पोहोचेतो चार वाजले. समोर थेट कोकण. इथे २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असताना खालच्या धरणाचं पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. कड्याच्या काठावर गाडी नेऊ नका. लांब लावा आणि चालत जा. कारवीत आणि गवतात चाकांनी पडलेल्या नव्या वाटा मला ठिकठिकाणी दिसल्या. त्या बघून मनापासून वाईट वाटलं. रस्ता सोडून गाडी घालायला हे रान मोकळं मैदान नाही, आणि खाचराचा बांध तर कोणाच्या तरी पोटाचा आहे.

परतीला उडदावण्याच्या अलीकडे ओढ्यावरच्या फरशीवर शेवाळ होतं. तिथे मी उतरून, इंजिन चालू ठेवून, गाडी शेजारून चालवत नेली. वाहत्या पाण्याखालच्या फरशीवर ब्रेक लावायचा नाही, वळायचं नाही, आणि शंका आली तर बसायचंही नाही.

रात्री शेंडीत जुनी ट्यूब चिकटवायला घेतली. दोन्ही चिरा इतक्या जवळ की ठिगळ धरेना. सकाळी राजूरला आलो तर पाडवा, पंक्चरवाले बंद. तिथून शिरपुंजे, अंबित करत पाचनईला जायचं होतं आणि वाटेत कुमशेतलाही. मुळा नदीचं हे खोरं. इथल्या रस्त्यांवर दोन तासांत एखादी जीप भेटते, कधी तीही नाही. एकट्याने हिंडताना मी एक नियम पाळतो: जादा सामानातली पहिली वस्तू खर्ची पडली की त्यापुढे फक्त एसटी किंवा जीप रोज जाते त्याच रस्त्याने जायचं. पाचनईला हरिश्चंद्रगड चढणाऱ्यांची वर्दळ असते, म्हणून तिकडे गेलो. अंबित ओलांडल्यावर रस्ता चढू लागतो आणि डाव्या-उजव्या कड्यांमधून पुढचं वळणच दिसत नाही. हॉर्न वाजवत, कडेने, सावकाश. पाचनईत चहा घेतला. गडाच्या कड्याची सावली गावावर यायच्या आत, दोनच्या सुमारास, परत फिरलो.

कुमशेतच्या फाट्यावर थांबलो होतो. मातीत एकाच मोटारसायकलचा माग गेलेला दिसत होता, आत जाणारा. पाच मिनिटं उभा राहिलो आणि गाडी राजूरकडे वळवली. डिसेंबरात परत जाणार आहे, दोन ट्यूब घेऊन. कोणाला सोबत यायचं असेल तर मुक्काम शेंडीला न करता राजूरला करू, म्हणजे सकाळी आठच्या आत फाट्यावर पोहोचता येईल.