कर्लीच्या खाडीत वाघ

बारावीच्या पर्यावरणाच्या प्रकल्पवह्या तपासत होते. विषय आमच्या सिंधुदुर्गातल्या कर्लीच्या खाडीतली खारफुटी, आणि दुसऱ्याच पानावर पट्टेरी वाघ! सोबत सुंदरीची झाडं. मजकूर उघडच पश्चिम बंगालातल्या सुंदरबनाचा, फक्त नाव बदललेलं. पुढच्या काही वह्यांतही तोच वाघ, त्याच वाक्यांत.

ज्या मुलीची ही वही, तिची आई ओहोटी लागली की त्याच खाडीत कालवं काढते. मुलगी सुट्टीत बरोबर असते. खारफुटीतली कांदळ कुठे, चिपी कुठे, तिवराची मुळं चिखलातून वर कशी येतात, हे तिला तोंडपाठ. मग तेच का नाही लिहिलंस, विचारलं तर म्हणाली, "बाई, ता तर रोजचाच. ता काय लिवचा?"

त्या उत्तराचं मला फार वाईट वाटलं. स्वतः पाहिलेलं ते ज्ञान नव्हे, असं या मुलांना कुणी शिकवलं?

कॉपी म्हटलं की आपल्याला चिठ्ठी आठवते. तिच्यासाठी राज्याचा 1982 चा कायदा आहे, भरारी पथकं आहेत. निकालात कोकण विभाग बहुतेक दरवर्षी राज्यात पहिला, याचा मलाही अभिमान आहे. पण प्रकल्पवही बघायला कुठलं पथक येत नाही. पुढे पीएच.डी.ला गेलं की यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2018 चे नियम लागतात: प्रबंधात दुसऱ्यांच्या लेखनाशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. तिथे ज्याला हा दंड बसेल, त्याला सतराव्या वर्षी सुबक अक्षर आणि रंगीत चित्रं बघून आम्हा शिक्षकांपैकीच कुणीतरी भरघोस गुण दिलेले असतात.

म्हणून आता विषय देतानाच सांगते: घराजवळच्या खाडीची किंवा व्हाळाची (ओढ्याची) नोंद, तारीख-वेळेसह. तिथे काम करणाऱ्या एका माणसाशी बोलायचं. मोबाईलवरून माहिती घ्या, हरकत नाही, पण कुठून घेतली ते त्याच पानावर लिहा. आणि शेवटी वही मिटून माझ्याशी पाच मिनिटं बोला. वही मिटली की कुणी काय केलंय ते लगेच कळतं.

त्या मुलीने वही पुन्हा लिहून आणली. वाळूउपसा वाढल्यापासून कालवं कमी मिळतात, असं आईचं म्हणणं तिने मांडलंय आणि खाली लिहिलंय, 'माहिती आईकडून'. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच आहेत, चित्र एकही नाही. सगळ्यांत जास्त गुण मी तिला दिले. बाकीच्यांनी कारण विचारलं, तेव्हा तिच्या परवानगीने ती वही वर्गात वाचून दाखवली.