शून्य सावली यंत्र: उनोवर सॉल्व्हर का अडकतो

भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते, तो दिवस शोधणारं हे यंत्र. त्याचा लॅपटॉपवर सुरळीत चालणारा सॉल्व्हर, म्हणजे समीकरण सोडवणारा प्रोग्राम, या आठवड्यात आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर चढवला. काम साधंच: सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून उत्तर-दक्षिणेचं कोनीय अंतर) नागपूरच्या अक्षांशाएवढी, म्हणजे २१.१५ अंश, कधी होते ते शोधायचं. उत्तर २६ मेच्या आसपास यायला हवं. उनो मात्र लूपमध्ये शिरला तो बाहेरच येईना. "काहून अडकला बे हा?" असं मित्रानं विचारलं. प्रश्न रास्त होता, कारण बायसेक्शन (उत्तर ज्या अ आणि ब या टोकांमध्ये आहे, त्यांतलं अंतर दरवेळी निम्मं करत जाणारी पद्धत) कधी दगा देत नाही असंच आपण सगळे धरून चालतो.

गोम अशी आहे. उनोवर डबल (दशांश संख्येचा जास्त अचूक प्रकार) लिहिलं तरी मिळतो ३२ बिटांचा, कमी अचूक फ्लोटच, आणि त्यात आकड्यासाठी २४ बिट. सॉल्व्हर वेळ मोजायचा ज्युलियन दिनांकात, म्हणजे प्राचीन काळापासून सलग मोजलेल्या दिवसांत; हा दिनांक सध्या २४ लाख ६१ हजारांच्या घरात आहे. एवढ्या मोठ्या आकड्याशी दोन लगतच्या फ्लोटमधलं अंतर असतं पाव दिवस. सहा तास! अ आणि ब शेजारी आले की मधला बिंदू म्हणून त्या दोघांपैकीच एक परत मिळतो. अंतर ०.२५ च्या खाली उतरत नाही आणि लूप ०.००००१ ची वाट पाहत बसतं.

न्यूटनच्या पद्धतीत (उतारावरून उत्तराकडे सरकणारी दुसरी पद्धत) तर आणखी गंमत. उतार काढायला घेतलेली बारीक पायरी दिनांकात मिळवली तरी दिनांक हलत नाही. फरक शून्य, शून्यानं भागाकार, हाती अनंत. पुढच्या फेरीत साइन त्या अनंताचा 'नॅन' (संख्याच नाही असं मूल्य) करते. नॅन कशापेक्षाही मोठा ठरत नाही, म्हणून 'चूक मर्यादेपेक्षा मोठी आहे तोवर फिर' असं सांगितलेलं लूप उत्तर सापडल्याच्या थाटात बाहेर पडतं. अडकलेला प्रोग्राम परवडला, निदान दिसतो तरी.

ज्युलियन दिनांकाला आता रजा दिली आहे. १ जानेवारी २००० पासून दिवस मोजले तरी लगतच्या दोन फ्लोटमधली पायरी ८४ सेकंदांची राहते. चालू वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजले तर मेअखेरीस ती सव्वा सेकंदाच्या आसपास येते. थांबायची अटही बदलली: मधला बिंदू अ किंवा ब एवढाच निघाला की थांबायचं. २६ मे मिळाला. आपला रेखांश ७९.०९ आणि प्रमाणवेळ ८२.५ ची, त्यामुळे त्या दिवशी खरा मध्यान्ह १२ वाजून १० मिनिटं उलटल्यावर.

राहिलं घड्याळ. डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपची २ पीपीएमची (दहा लाखांत दोन भाग चुकीची) हमी ४० अंश तापमानापर्यंतच, त्यापुढे ३.५. मे महिन्यात गच्चीवरच्या डब्यात ४० कुठलं टिकतंय! तरी चूक दिवसाला ०.३ सेकंदच, महिन्यातून एकदा वेळ जुळवली की भागेल.