गवत्या, सोया सॉस आणि दोन सराटे

पहिल्या खेपेला मासा ताटात आला, कातडी कढईतच राहिली. वरून रस्सा खारट ढोण. आई म्हणाली, "हा मासा हाय का माशाचा झुणका?" आणि उठून जवसाच्या चटणीची बरणी घेऊन आली.

पोरीला चायनीज हवं होतं. तिच्या लेखी चायनीज म्हणजे ठेल्यावरचं मंचुरियन. मला करायचा होता चीनमध्ये घरोघरी होतो तो होंगशाओ मासा. होंगशाओ म्हणजे लाल करून शिजवणं, पण लाल रंग सोया सॉस आणि साखरेचा. आमच्या नागपुरात लाल म्हणजे तर्री, त्यामुळे घरात आधीपासूनच गैरसमज.

पुढच्या रविवारी 'मंगळवारी' नावाच्या बाजारात गेलो. रोहू सोडून गवत्या घेतला. हा ग्रास कार्प 1959 साली हाँगकाँगहून भारतात आणला गेला. चीनमध्ये तो रोजच्या जेवणातला, म्हणजे निदान मासा तरी अस्सल. पाऊण किलोचा होता. "मावशी, तुकडे नको, अख्खाच ठेवा," म्हटलं तर ती म्हणते, "अख्खा काहून जी? पूजा मांडता का?"

घरी येऊन पोटातला काळा पापुद्रा चिमटीत धरून ओढून काढला. तो काढला की चिखलाचा वास कमी येतो म्हणतात. मग मासा सुती फडक्याने आतून-बाहेरून कोरडा केला. (फडकं कोणतं घेतलं यावरून बायकोशी वेगळं भांडण झालं.) मागच्या वेळी ओला मासा कोमट तेलात सोडला होता, सगळी गडबड तिथेच झाली होती. या वेळी लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवली, कापलेल्या अद्रकाचा तुकडा आतून घासून फिरवला, मग तेल. दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरप्या चिरा देऊन मासा अलगद सोडला. शेपटी कढईबाहेरच राहिली.

आणि मग काहीच करायचं नाही. हेच जमत नाही. आई मागे उभी: "पलट ना रे, जळून राहिलं!" मी सराटा (उलथणं) पाठीमागे धरून उभा. चारेक मिनिटांनी कढई जराशी हलवली तर मासा आपला आपण सरकला. दोन सराटे खाली घालून पलटला. कातडी शाबूत, रंग खरपूस.

दुसरी बाजूही तशीच होऊ दिली. मग बाजूच्या तेलात लसूण, अद्रक, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, दोन सुक्या मिरच्या. चक्रफूल सावजी मसाल्यासाठी घरात होतंच, त्याच्या दोन पाकळ्या. दोन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा साखर, थोडं व्हिनेगर. शाओशिंगची तांदळाची दारूही लागते, पण ती इथे कुठून आणणार? आणि दारूचं नाव काढलं की बायको कढईकडे नाही, माझ्याकडे बघते. गरम पाणी मासा अर्धा बुडेल इतकंच. मीठ अजिबात नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमच्या वर मीठ असतं आणि मागच्या वेळी मी सवयीने वरून चमचाभर टाकलं होतं.

झाकण ठेवून बारीक आचेवर बारा मिनिटं. पुन्हा पलटायचा नाही, अधूनमधून पळीने रस्सा वरून सोडायचा. शेवटी आच मोठी करून रस आटवला. पळीच्या पाठीला चिकटायला लागला तसा गॅस बंद केला.

आईने वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरला. मी गप्प बसलो. गवत्याला बारीक काटे फार, पोरीला बायकोने निवडून दिले. डोकं आईने न विचारता आपल्या ताटात घेतलं आणि चटणीची बरणी त्या दिवशी फळीवरच राहिली. "तिखट पाहिजे होतं," हे मात्र म्हणालीच.

सकाळी फ्रिजमधला उरलेला रस्सा जेलीसारखा थिजला होता. बायकोने तो गरम भातावर घालून डब्यात नेला.