सिस्टीममधली दोन बेळगावं

आमचं ऑफिस टिळकवाडीत दुसऱ्या गेटजवळ, आम्ही पाचच जण. माझं काम म्हणजे लोकांच्या जुन्या एपीआय (एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याकडून माहिती मागायचे मार्ग) एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच टूलं वापरून करणाऱ्या प्रोग्रॅमला, टूल म्हणून जोडायच्या, त्यांचं डॉक्युमेंटेशन लिहायचं आणि एजंट ते टूल नीट वापरतोय का ते तपासायचं. 2024 च्या नोव्हेंबरात एमसीपी, म्हणजे एआयला अशी टूलं जोडायची एक सामाईक पद्धत, आलं तेव्हापासून असली कामं वाढलीत. एजंटला दिसतं काय, तर टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कुठल्या रकान्यात काय भरायचं एवढंच, बाकी कोड त्याला दिसत नाही आणि शेजारच्या टेबलावर जाऊन विचारायची सोय पण त्याला नाही.

तर गावातल्याच एका ट्रान्सपोर्टवाल्याचं काम आलेलं. गाडी शोधायचं टूल, भाडं काढायचं टूल, बुकिंगचं टूल अशी सगळी मिळून नऊ टूलं. मी टेस्टसाठी टास्क बनवले आणि प्रत्येक टास्क पाच पाच वेळा चालवला, कारण एजंट एकदा पास झाला म्हणून दुसऱ्यांदा होईलच असं नसतं. त्यात अगदी साधा टास्क होता, उद्या बेळगावहून पुण्याला गाडी आहे का बघ. पाचपैकी तीनदा गाडी मिळाली, दोनदा एजंटनं गिऱ्हाइकाला सरळ सांगून टाकलं की उद्या बेळगावहून एकही गाडी नाही. तेही अगदी नम्रपणे, परवाचं बघू का म्हणून विचारून. एरर कुठेच नाही, स्टेटस 200 म्हणजे सगळं ठीक, उत्तरात रिकामी यादी.

स्कोअरमधनं यातलं काय कळणार, मग एजंटनं काय काय केलं त्याच्या नोंदी, म्हणजे एकेक लॉग उघडून वाचत बसले. दोन तास गेले असतील, तेव्हा कुठे लक्षात आलं की शहराच्या रकान्यात एजंट कधी इंग्रजीतलं जुनं बेलगाम टाकतोय, कधी नवीन बेळगावी. जुनं टाकलं की यादी रिकामी! म्हणजे जे तीन पास दिसत होते ते पण नशिबानंच. हे बघून मला खरंच धस्स झालं, कारण पाचच्या ऐवजी एकदाच चालवलं असतं आणि नेमकं ते पास झालं असतं तर मी हे टूल चांगलंय म्हणून पुढे पाठवून मोकळी झाले असते.

दुपारी स्कूटर काढून ऑटोनगरला गेले. तिथं बुकिंगला एक मामा बसतात, वीस-पंचवीस वर्षं त्याच खुर्चीत.

"मामा, सिस्टीम म्हणतीय बेळगावहून गाडीच नाही."

"कुठल्या बेळगावहून?"

मी बघतच राहिले.

"अगं दोन बेळगावं हाईत की त्यात. नाव बदललं तवा नवीन शाखा उघडली, जुनी काढली न्हाई, जुनी बिलं अडकल्यात तिच्यात. आमी नवीनच लावतो, सगळ्यांना म्हाईत हाय."

सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुठं लिहिलेलं नव्हतं. 1 नोव्हेंबर 2014 ला कर्नाटकातल्या 12 शहरांची नावं एकदम बदलली, म्हणजे हुबळी, विजापूर, गुलबर्गा सगळ्यांची हीच गत असणार. (आमच्या गावाच्या नावावरून काय काय झालंय ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात मी शिरत नाही.)

ऑफिसला येऊन टूल बदललं. शहराचं नाव मोकळं लिहायचं बंद, आधी शाखा शोधायची आणि तिचा कोड घेऊनच गाडी बघायची. बंद शाखा आली तर रिकामी यादी न देता स्पष्ट मेसेज, ही शाखा बंद आहे, चालू शाखेचा कोड अमुक. एजंट मेसेज वाचून स्वतःला सुधारून घेतो, पण मेसेज असला तरच ना. वर्णनात पण घातलं की रिकामी यादी म्हणजे त्या दिवशी गाडी नाही, नाव चुकलं असं नाही.

परत चालवलं, पाचपैकी पाच. पण उद्यमबागच्या फौंड्रीतनं 1800 किलो कास्टिंग पाठवायचा टास्क तसाच, पाचपैकी शून्य. आधी पण शून्यच होता, मी तो नावाच्याच खात्यात टाकलेला, ती चूक माझी. वजनाच्या रकान्यापुढे डॉक्युमेंटमध्ये एकच शब्द होता, संख्या. एजंट बिचारा 1800 भरत होता. मामांना फोन लावला.

"क्विंटल गं. आमचं गुळाचं काम पहिल्यापासनं, क्विंटलनंच भरतो."

म्हणजे 18 च्या जागी 1800, 180 टन, एवढा माल एका गाडीत कुठला बसायला. आणि उत्तर परत तेच, 200 आणि रिकामी यादी. एकाच रिकाम्या यादीमागे दोन वेगळी दुखणी, एकानं दुसऱ्याला झाकून ठेवलेलं.

रकान्याचं नावच बदलून वजन_क्विंटल केलं, वर्णनात 1 क्विंटल म्हणजे 100 किलो आणि एक उदाहरण, आणि गाडीच्या क्षमतेपेक्षा जास्त वजन आलं तर तसं सांगणारी एरर. मग मामांना फोनवरच सगळं वर्णन वाचून दाखवलं, हो हो करत ऐकत होते, शेवटी म्हणाले, "बरं, आणि निपाणीचं काय केलीस? एक पी वालं का दोन पी वालं?"

लॅपटॉप परत उघडला.