तुम्ही विचारलंत म्हणून: खंडूला झोपेचं औषध दिलं होतं का?

लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर, जिथे विमानाने जर्मनीला गेलेल्या आमच्या कुत्र्याचा, खंडूचा विषय निघतो तिथे हा प्रश्न येतोच. "काकू, एवढा लांबचा प्रवास, तोही विमानाच्या पोटात. झोपेचं औषध दिलं असेल ना त्याला?"

नाही. एक थेंबही नाही. हे ऐकून समोरच्याचा चेहरा उतरतो. बिचाऱ्याला टक्क जागं ठेवून पाठवलं, असं त्यांना वाटत असणार. म्हणून आज बसून नीट सांगते.

गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, अंगाचं तापमान सांभाळायची ताकद कमी होते. विमान वर गेलं की आतल्या हवेचा दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा होतो, म्हणजे महाबळेश्वरहूनही बरंच वर गेल्यासारखं. प्रवाशांच्या डोक्यावर जो दाब, तोच खाली प्राण्यांच्या कप्प्यात. जागा कुत्रा विमान कललं की पाय रोवतो, अंग सावरतो, धाप लागली तर बसतो. गुंगीतला कुत्रा नुसता घरंगळतो. त्यात उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जायची भीती, आणि बघायला जवळ कुणी नाही. म्हणून बहुतेक विमान कंपन्या गुंगीतला प्राणी चढवूनच घेत नाहीत. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काकू, औषध मागू नका. त्यापेक्षा पिंजरा लवकर आणा."

खंडू आम्हाला गावदेवी मैदानाजवळ एका पावसाळ्यात वडापावच्या गाडीखाली सापडला. तांबूस रंग, कान सदा उभे. लेकीने ओढणीत गुंडाळून पाचपाखाडीतल्या घरी आणला तेव्हा तो ओंजळीत मावत होता, आता २२ किलोंचा आहे. मार्चमध्ये तिला जर्मनीत नोकरी लागली तेव्हा त्याचं काय करायचं, हा प्रश्न घरात निघालाच नाही. तो जाणार हे धरलेलंच होतं. कसं, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि तिथेच पहिली ठेच लागली, मायक्रोचिपवरून. मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, सुईने कातडीखाली बसवतात. तिच्यात बॅटरी नसते, जीपीएस नसतं. स्कॅनर जवळ धरला की १५ आकडी नंबर दिसतो, बस. पण युरोपच्या लेखी तो नंबर म्हणजेच कुत्रा. चिप बसण्याआधी टोचलेली रेबीजची लस नेमकी कोणत्या कुत्र्याला टोचली याला पुरावा राहत नाही, म्हणून ती धरतच नाहीत. आम्ही ज्या दवाखान्यात गेलो तिथे आधी लस टोचली आणि चिप शिल्लक नाहीत म्हणून ती आठ दिवसांनी बसवली. महिन्याभराने दुसऱ्या डॉक्टरांनी पुस्तिका उघडली, दोन तारखांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे सगळं पहिल्यापासून." मला तिथेच रडू आलं. लेकीचं तिकीट तोवर काढून झालं होतं.

पहिल्यापासून म्हणजे काय, ते ऐका. चिप असताना लस. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं. त्यातला सीरम, म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग, थंड डब्यातून युरोपने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत जातो. तिथे रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे लशीने अंगात तयार झालेले लढाऊ घटक, मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरावी लागतात. ती भरली तरी रक्त काढल्या दिवसापासून ३ महिने थांबायचं. या तीन महिन्यांचा मला फार राग आला होता. अहवाल चांगला आहे, मग आता कशाची वाट? डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. लशीमुळे आलेली ताकद रक्तात दिसते. पण लशीच्या आधी कधी कुणी चावलं असेल आणि विषाणू अंगात दबा धरून बसला असेल, तर तो त्या तपासणीत दिसत नाही. मध्ये वेळ जाऊ देणं हाच त्यावर उपाय. आपल्याकडे गल्लोगल्ली रेबीजची धास्ती असते, त्यांच्याकडे ती त्यांना नको आहे. एवढं कळल्यावर राग गेला.

लेक एप्रिलअखेर गेली, खंडू माझ्याकडे राहिला. त्यालाही एक अट होती. मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात ५ दिवसांहून जास्त अंतर पडलं तर तो घरचा प्राणी न राहता व्यापारी माल धरला जातो आणि त्याचे नियम आणखी कडक आहेत. म्हणून ऑगस्टअखेर आठ दिवसांची रजा काढून तिने स्वतः यायचं आणि त्याला घेऊन परतायचं असं ठरलं. मधले महिने माझे आणि त्याचे.

मे महिन्यात पिंजरा आला. लोक 'आयाटा क्रेट' म्हणतात, कारण आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने त्याची मापं ठरवून दिली आहेत. मी शिवणाची टेप घेऊन बसले. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, तिच्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवायचा, ती पिंजऱ्याची लांबी. उंची मात्र उभ्या कुत्र्याच्या डोक्यापर्यंत धरत नाहीत. कान उभे असतील तर कानांच्या टोकापर्यंत. खंडूच्या कानांनी आम्हाला एक माप वरचा पिंजरा घ्यायला लावला: १०२ सेंटिमीटर लांब, ६९ रुंद, ७६ उंच. कार्गोचं, म्हणजे विमानातल्या मालाचं भाडं बऱ्याचदा वजनाऐवजी व्यापलेल्या जागेवर लागतं. तिन्ही मापांचा गुणाकार करून ६००० ने भागायचं. उत्तर आलं ८९. बावीस किलोंच्या कुत्र्याचं भाडं एकोणनव्वद किलोंचं. तुम्ही खर्चाचा अंदाज काढत असाल तर कुत्र्याला वजनकाट्यावर उभं करण्याआधी टेप हातात घ्या.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर, औषधाऐवजी काय केलं ते. पिंजरा मी दिवाणखान्यात मधोमध ठेवला, दार काढून. दोन दिवस खंडू भिंतीला चिकटून लांबून जायचा. मी त्याची ताटली आधी पिंजऱ्याशेजारी ठेवली, मग उंबऱ्यावर, मग आत. बाहेर जमिनीवर बसून मी तांदूळ निवडायची. नवव्या दिवशी दुपारी मान वळवली तर हा आत, पाय ताणून झोपलेला. मी कितीतरी वेळ जागची हलले नाही.

मग दार बसवलं. एक मिनिट बंद, मग पाच, मग माझी मालिका संपेपर्यंत. तो कुरकुरला तर मी लगेच उघडत नसे. गप्प झाला की उघडायची, नाहीतर कुरकुर केली की दार उघडतं असं तो शिकला असता. जूनमध्ये तो रात्रभर आत राहू लागला. मुंबईहून फ्रँकफर्टचं विमान नऊ तासांच्या आसपास घेतं, आणि कार्गोत कित्येक तास आधी सोपवावं लागतं, म्हणून मला लांब पल्ल्याची सवय हवी होती. जुलैत ओळखीच्या टेम्पोवाल्याला गाठलं. पिंजरा टेम्पोत बांधून घोडबंदर रोडने खड्ड्यांतून गायमुखपर्यंत आणि परत, असं चार रविवार केलं. मी शेजारी बसायची, पण बोलायची नाही. गणपती जवळ आले तसा ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला. मी संध्याकाळी त्याला पिंजऱ्यात बसवून खिडक्या उघड्या टाकायची. पहिल्या दिवशी तो थरथरला. आठवड्याने ढोल वाजत असताना त्याने जांभई दिली.

कागदांचं थोडक्यात सांगते. केंद्र सरकारच्या पशू संगरोध (प्राण्यांचं क्वारंटाइन) विभागाच्या मुंबईतल्या कार्यालयातून आरोग्य प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि ते मिळाल्यापासून १० दिवसांत युरोपात पोचावं लागतं. आधी काढून ठेवू म्हणाल तर उपयोग नाही.

जायच्या दिवशी दुपारी त्याला हलकं खायला दिलं, नंतर काही नाही. संध्याकाळी लेकीने त्याला तलावपाळीला लांब फिरवून आणलं. पिंजऱ्याच्या दोन भागांना जोडणारे प्लॅस्टिकचे खटके काढून लोखंडी बोल्ट लावले होते. पाण्याची वाटी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवून बर्फ केला, म्हणजे चढवताना सांडत नाही आणि हळूहळू विरघळत राहतो. आत लेकीचा न धुतलेला टी-शर्ट. मुलुंड चेकनाका, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, मरोळ, मग सहारचा विमानतळ. पाऊस वायपरला दाद देत नव्हता. कार्गोत स्कॅनरने चिप वाचली, नंबर जुळला, पिंजऱ्यावर बाणांचे आणि 'लाइव्ह अ‍ॅनिमल्स'चे स्टिकर लागले. तिथल्या माणसाने सांगितलं, आत जिवंत प्राणी आहे हे वैमानिकाला लेखी कळवतात. फोर्कलिफ्ट आली तेव्हा खंडू उठून उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं आणि परत बसला. भुंकला नाही. मी मात्र घरी पोचेपर्यंत रडत होते.

फ्रँकफर्टला प्राण्यांसाठी वेगळं 'अ‍ॅनिमल लाउंज' आहे, २००८ पासून. तिथे त्याची तपासणी झाली, पाणी मिळालं. दुपारी लेकीचा व्हिडिओ आला. दार उघडल्यावर त्याने आधी आळस दिला, मग तिच्या अंगावर झेप घेतली. टी-शर्ट कोरडा होता.

सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणणार नाही. आमच्या बी विंगमधल्या एक वहिनी पग घेऊन मेलबर्नला जायचं म्हणत होत्या. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास मुळातच असतो, अनेक कंपन्या त्यांना घेत नाहीत. शिवाय ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा घेतच नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या एखाद्या देशात महिनोन्महिने राहावं लागतं. हे त्यांना सांगताना मला जड गेलं, पण तिकीट काढल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. त्यांचा पग आता डोंबिवलीला त्यांच्या आईकडे आहे आणि मजेत आहे.

लेकीने मागच्या महिन्यात पिंजरा विकायला काढला होता. तिकडे घर लहान, तो जागा अडवतो. गिऱ्हाईक दारात आलं तेव्हा खंडू त्यात झोपलेला होता. तिने त्यांना कॉफी पाजली आणि परत पाठवलं.