पॅरिसच्या आधी ग्लासगो

ग्लासगो सेंट्रलच्या खालच्या फलाटावरून लोकल पकडली आणि काही मिनिटांत डॅलमार्नॉकला उतरले. तिथून थोडं चाललं की लंडन रोड. रस्त्याच्या एका बाजूला सेल्टिक फुटबॉल क्लबचं अवाढव्य स्टेडियम आणि समोर एमिरेट्स अरिना. सेल्टिक पार्कसमोर ही इमारत बसकी वाटते, पण बॅडमिंटन पाहणाऱ्या भारतीयाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पारुपल्ली कश्यपनं सुवर्ण जिंकलं ते इथेच. २०१७ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सिंधू आणि ओकुहारा ११० मिनिटं झुंजल्या त्याही इथेच. आता कोर्टांच्या जागी धावपट्टी होती, वाळूचा खड्डा होता, पोल व्हॉल्टच्या जाड गाद्या होत्या.

१ ते ३ मार्च २०२४, ॲथलेटिक्सची जागतिक इनडोअर अजिंक्यपद स्पर्धा. पॅरिस ऑलिम्पिकला जेमतेम पाच महिने उरले होते. ऑलिम्पिकच्या वर्षात बरेच मोठे खेळाडू इनडोअर हंगाम सोडून देतात, शरीर उन्हाळ्यासाठी राखून ठेवतात. मग जे येतात ते कशासाठी येतात? हा प्रश्न माझ्या डोक्यात फार दिवस होता, आणि तो टीव्हीसमोर बसून सुटणारा नव्हता.

इनडोअर धावपट्टी २०० मीटरची, म्हणजे मैदानी धावपट्टीच्या निम्मी. वळणं इतकी आवळलेली असतात की ती बाहेरच्या बाजूनं उचलून तिरकी केलेली असतात, नाहीतर त्या वेगात धावपटू बाहेर फेकला जाईल. ६० मीटरसाठी मधोमध वेगळी सरळ पट्टी असते आणि ती संपली की लगेच गादी लावलेली भिंत. वेग कमी करायलाही पुरेशी जागा नसते. खुल्या स्टेडियममध्ये शंभर मीटरचा शेवट आपण मोठ्या पडद्यावरच पाहतो. इथे चेहरा दिसतो. स्टार्टिंग ब्लॉक्सवर पाय रोवून, रेषेमागे बोटं टेकवून बसलेल्या माणसाच्या खांद्याची थरथर दिसते. पिस्तूल वाजायच्या आधी अख्खं सभागृह गप्प होतं आणि मग स्पाइक्सचा आवाज थेट कानावर येतो.

पहिल्याच रात्री पुरुषांची ६० मीटर. दोन आठवड्यांपूर्वी अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत नोआ लाइल्सनं ख्रिश्चन कोलमनला एका शतांशानं मागे टाकलं होतं. लाइल्सची सुरुवात ही त्याची दुखरी नस, आणि ६० मीटरमध्ये सुरुवातीची कसर भरून काढायला अंतरच नसतं. तरी तो आला होता. कोलमननं ब्लॉक्समधून निघताक्षणी शर्यत ताब्यात घेतली. कोलमन ६.४१ सेकंद, लाइल्स ६.४४, दुसरा. १०० आणि २०० मीटरचा विश्वविजेता आपल्या सगळ्यात कमकुवत बाजूनं, कोलमनच्या हक्काच्या अंतरावर भिडायला येतो, याचंच मला अप्रूप वाटलं. रविवारी तर अमेरिकेच्या ४ × ४०० रिले संघातही तो उभा राहिला. ती रिले बेल्जियमनं जिंकली.

शनिवारची संध्याकाळ मात्र नेदरलँड्सच्या फेम्के बोलची. इथे चारशे मीटर म्हणजे दोन फेऱ्या. पहिली दोन वळणं आपापल्या लेनमध्ये धावायची, मग लेन मोकळ्या होतात आणि सगळ्या आतल्या कडेकडे झेपावतात. त्या वेळी जी पुढे असेल तिला गाठणं फार कठीण, कारण वळणावर बाहेरून जायचं तर जास्त अंतर कापावं लागतं आणि तेही चढावर. बोलची धाव ताठ, लांब टांगांची. या आवळलेल्या वळणांसाठी ती घडलेली नाही असं कुणालाही वाटेल. पण शेवटच्या सरळ पट्टीवर ती आली तेव्हा तिची लय जराही मोडलेली नव्हती. ४९.१७ सेकंद. दोनच आठवड्यांपूर्वी स्वतःच केलेला ४९.२४ चा इनडोअर विश्वविक्रम तिनं मोडला होता. दुसरी आली लीके क्लावर, तिचीच देशभगिनी, ५०.१६. माझ्या मागच्या ओळीतले नारिंगी कपड्यांतले डच प्रेक्षक एकमेकांच्या गळ्यात पडून अक्षरशः रडत होते.

त्याच दिवशी पुरुषांच्या ४०० मीटरमध्ये अलेक्झांडर डूमनं कार्स्टन वारहोमला शेवटच्या काही पावलांत गाठलं, आणि जॉश केर या एडिनबराच्या पोरानं ३००० मीटर जिंकताना अरिनाचं छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. मला त्याहून लक्षात राहिली ती महिलांची ३००० मीटर. एल सेंट पिअर वर्षभरापूर्वी आई झाली होती, आणि तिनं गुडाफ त्सेगेला शेवटच्या फेरीत मागे टाकून ८:२०.८७ मध्ये शर्यत संपवली. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची स्टीपलचेस इनडोअरमध्ये नसते, त्यामुळे आपल्या अविनाश साबळेला इथे पाहण्याची आशाच नव्हती. ती एक हुरहूर राहिली.

महिलांच्या ६० मीटरमधली जुलियन आल्फ्रेडची शर्यत सात सेकंदांच्या आत संपली. ६.९८. ती सेंट लुसियाची. आपल्याला ते डॅरेन सॅमीचं बेट म्हणून माहीत. लोकवस्ती दोन लाखांच्याही आत आणि त्या देशाचं ॲथलेटिक्समधलं हे पहिलं जागतिक विजेतेपद. त्याच जूनमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात रोहितनं त्या बेटावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९२ कुटल्या तेव्हा मी सारखी आल्फ्रेडचाच विचार करत होते.

रविवारी मी मुद्दाम तिहेरी उडीच्या बाजूची जागा घेतली होती, आणि माझं मत विचाराल तर इनडोअर स्पर्धेला जावं ते यासाठीच. डॉमिनिकाची थिया लाफाँड रन-अपच्या टोकाला उभी राहून दोन्ही हातांनी टाळ्यांचा ठेका मागायची. मग धाव, पट्टीवर पाय, आणि त्यानंतरचे तीन आघात वेगवेगळे ऐकू येतात: हॉप म्हणजे त्याच पायावर टेकणं, स्टेप म्हणजे दुसऱ्या पायावर, आणि वाळूत पडणं. टीव्हीवर ही उडी तरंगती वाटते. जवळून कळतं की प्रत्येक टेकणीला एकाच पायावर किती प्रचंड भार येतो. मांडीचा स्नायू कातडीखाली हललेला दिसतो. १५.०१ मीटर. तिनं पंधराचा टप्पा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ. डॉमिनिकाची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. आकडा पडद्यावर उमटला तेव्हा ती आधी ओरडली आणि मग तोंडावर हात घेऊन उभी राहिली.

त्याच सत्रात बहामाच्या डेव्हिन चार्ल्टननं ६० मीटर हर्डल्स ७.६५ सेकंदांत पार करून विश्वविक्रम केला. पाच अडथळे, प्रत्येकाला घासून जाईल इतकी खालची उडी. आणि पोल व्हॉल्टमध्ये मोंडो डुप्लांटिस ५.८५ मीटरवर अडला. दोन प्रयत्न फुकट गेले. जगातला सर्वोत्तम व्हॉल्टर आणखी एका चुकीवर घरी जाणार होता. तिसऱ्यांदा तो आडवी दांडी न हलवता पलीकडे गेला, पुढे ६.०५ वर सुवर्ण जिंकलं आणि लगेच विश्वविक्रमासाठी दांडी ६.२४ वर चढवायला सांगितलं. ती उंची त्या दिवशी जमली नाही. पण सुवर्ण हातात असताना त्याला थांबावंसं वाटलं नाही, हे मी समोर बसून पाहिलं. इथे कुणी पॅरिसची रंगीत तालीम करत नव्हतं. जो आला होता तो जिंकायला आला होता.

३ ऑगस्टला भारतात मध्यरात्र उलटून गेली तरी मी टीव्हीसमोर होते. पॅरिसला पाऊस पडत होता. त्या एका संध्याकाळी लाफाँडनं १५.०२ मीटर उडी मारून सुवर्ण घेतलं, बोलनं मिश्र रिलेच्या शेवटच्या टप्प्यात नेदरलँड्सला मागून खेचत पहिलं आणलं, आणि आल्फ्रेडनं शंभर मीटर १०.७२ मध्ये जिंकली. सेंट लुसिया आणि डॉमिनिका, दोन्ही देशांचं हे पहिलंवहिलं ऑलिम्पिक पदक, तेही एकाच रात्री आणि दोन्ही सुवर्ण. मी घरात एकटीच उभी राहून टाळ्या वाजवत होते.

सगळ्यांचं असं झालं नाही. कोलमन अमेरिकेच्या निवड चाचणीत शंभर मीटरला चौथा आला आणि त्याला वैयक्तिक शर्यतीत जागाच मिळाली नाही. त्यानं ग्लासगोत हरवलेला लाइल्स पॅरिसला ९.७८४ सेकंदांत, पाच सहस्रांशांच्या फरकानं विजेता ठरला. ग्लासगोत ४.८० मीटरवर पोल व्हॉल्टचं सुवर्ण जिंकून घरच्या प्रेक्षकांना वेड लावणारी ब्रिटनची मॉली कॉडरी पॅरिसच्या पात्रता फेरीत ४.५५ ची उंचीही पार करू शकली नाही. तिच्यासाठी मला फार वाईट वाटलं.

पुढची जागतिक इनडोअर स्पर्धा मार्च २०२५ मध्ये चीनमधल्या नानजिंगला झाली. पुन्हा कधी अशा स्पर्धेला जाणं जमलं तर पहिलं तिकीट तिहेरी उडीच्या पट्टीजवळचं काढणार, आणि शर्यती तिथूनच तिरक्या नजरेनं पाहणार.